मॅकबेथची बायको

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, किरकोळ दुरुस्त्यांसह.)



काल रात्री दीड वाजेपर्यंत भेंड्या चालल्या होत्या, आणि आज सकाळी साडेनऊला तुम्हाला इंग्रजी नाटकावरचं भाषण ऐकायला बसवलंय. संयोजक मला म्हणाले होते, "तू बत्तीस वर्षं कॉलेजात शेक्सपिअर शिकवलास, त्यातलं काहीतरी सांग, पण हलकंफुलकं सांग." मी हो म्हटलं आणि विषय घेतला खुनाचा. तेव्हा ज्यांना डुलकी येईल त्यांनी ती खुशाल घ्यावी. या नाटकात झोपेला फार किंमत आहे.

विषय हाच का, तर त्याला कारण समोर पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या बाई. आपण नववीत होतो. ऑफ तासाला बाई लँबच्या पुस्तकातून शेक्सपिअरच्या गोष्टी सांगायच्या. अभ्यासक्रमात नव्हत्या, परीक्षेला नव्हत्या, म्हणून तर मन लावून ऐकायचो. त्या वर्षीच्या गॅदरिंगला बाईंनी 'मॅकबेथ'मधला झोपेत चालण्याचा प्रवेश बसवला. मी लेडी मॅकबेथ. डॉक्टर आणि दासी कोण होते ते आज इथेच बसलेत, त्यांची नावं घेत नाही, कारण डॉक्टरसाहेब त्या दिवशी संवाद विसरून नुसतीच माझी नाडी बघायला पुढे आले होते. झोपेत चालणाऱ्या बाईची नाडी! प्रेक्षकांत सगळं गाव. इंग्रजी कळत होतं दहा-बारा जणांना. पण पांढऱ्या साडीतली मुलगी हातात मेणबत्ती घेऊन, डोळे सताड उघडे ठेवून, हात चोळत चालते आहे, हे दिसल्यावर मंडप गप्प झाला. बक्षीस देताना पाहुणे म्हणाले, "मुलीने दुष्ट बाई छान वठवली." मला फार आनंद झाला होता.

एका गोष्टीवरून मात्र तालमीत माझं आणि बाईंचं बिनसलं होतं. बाई म्हणायच्या, मेणबत्ती खाली ठेव, मग हात चोळ. मी ठेवत नव्हते. मला अंधाराची भीती वाटायची, आणि दिवे गेले तर, अशी धास्ती. एका हातात मेणबत्ती धरून दुसरा हात परकरावर पुसत मी सगळा प्रवेश केला. पुढे एम. ए. ला असताना वाचलं की सारा सिडन्स नावाच्या थोर नटीने १७८५ साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात हाच प्रवेश करताना मेणबत्ती खाली ठेवायचं ठरवलं, तेव्हा थिएटरचे चालक शेरिडन पडदा वर जायच्या आधी तिच्या खोलीत धावत आले आणि तसं करू नका म्हणून विनवू लागले. का? तर आधीच्या नामांकित नटीने मेणबत्ती हातातच ठेवली होती, लोकांना तशीच सवय. सिडन्सने ऐकलं नाही. ठेवलीच खाली. आणि लोकांना ते पटलं. बाई, चाळीस वर्षांनी कबूल करते, तुमचं बरोबर होतं. दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय हात धुता येत नाहीत.

आता ज्यांना गोष्ट आठवत नसेल त्यांच्यासाठी दोन मिनिटांत. स्कॉटलंडचा सरदार मॅकबेथ लढाई जिंकून परत येतो आहे. वाटेत तीन चेटकिणी भेटतात आणि सांगतात, तू राजा होशील. बरोबर बँको नावाचा मित्र असतो, त्याला सांगतात, तू नाही, पण तुझे वंशज राजे होतील. मॅकबेथ बायकोला पत्राने हे कळवतो. राजा डंकन त्याच रात्री त्यांच्या वाड्यावर मुक्कामाला येतो. बायको नवऱ्याला भरीस घालते, नवरा झोपलेल्या राजाला मारतो, आळ पहारेकऱ्यांवर. मॅकबेथ राजा होतो. मग बँकोला मारवतो, मग मॅकडफ नावाच्या सरदाराची बायको आणि पोरं मारवतो. बायकोला वेड लागतं, ती मरते. शेवटी मॅकडफ मॅकबेथचं डोकं उडवतो. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमधली ही सगळ्यांत आटोपशीर. लिहिली गेली १६०६ च्या सुमाराला.

ही गोष्ट सांगताना मी आत्ता एक वाक्य पटकन म्हणून गेले. बायको नवऱ्याला भरीस घालते. वर्गात मी वर्षानुवर्षं हेच सांगत होते. महत्त्वाकांक्षी, कावेबाज बायको आणि तिच्या मुठीतला शूर, भोळा नवरा. पेपरातला प्रश्नही ठरलेला, मुलांची उत्तरंही ठरलेली. ती म्हणजे चौथी चेटकीण, हे वाक्य तर गाइडमध्येच असायचं. नेमकं काय करते ही बाई, हे मी जरा सावकाश बघितलं ते फार उशिरा, आणि तेही एका विद्यार्थिनीमुळे.

आधी तिची बाजू घेण्याआधी तिचा गुन्हा नीट मांडते, कारण तो लहान नाही. पत्र वाचल्याबरोबर तिला नवऱ्याचं दुखणं कळतं. याला मोठं व्हायचंय, पण वाईट मार्गाने नको. डाव खोटा खेळायचा नाही, पण खोट्याने मिळालेलं चालेल. बायकोशिवाय इतकं अचूक कोण सांगणार? मग ती त्याच्या येण्याची वाट बघते आणि आल्यावर पहिल्या चार वाक्यांत राजाचं काय करायचं ते ठरवून मोकळी होते. दारात राजाचं स्वागत अशा अदबीने करते की त्या बिचाऱ्याला वाटतं, किती सालस बाई. तो तिला रात्री हिरा पाठवतो भेट म्हणून. यजमानीणबाईंना.

जेवणं चालू असताना मॅकबेथ उठून बाहेर येतो. त्याचं मन फिरलंय. हा माझा पाहुणा, माझा नातेवाईक, माझा राजा, चांगला माणूस. मारायला कारणच नाही माझ्याकडे, नुसती हाव आहे. ती मागोमाग येते आणि तो तिला साफ सांगतो, यापुढे जायचं नाही. इथून पुढचा भाग भरीस घालण्याच्या कलेचा धडा म्हणून कुठेही शिकवावा. ती वादच घालत नाही. राजाला मारणं योग्य की अयोग्य, यावर एक शब्द नाही. ती म्हणते, मग कालची तुझी उमेद दारू पिऊन आली होती का? आता तुझं प्रेमही मी तितकंच समजायचं ना? घाबरतोस तू. ज्या दिवशी हे करायची हिंमत होती त्या दिवशी तू पुरुष होतास. आणि मग तिचं ते भयंकर बोलणं, की मी पोर पाजलेली बाई आहे, पण तुझ्यासारखी शपथ घेतली असती तर ते अंगावरचं हसरं पोर मी आपटलं असतं. लक्षात घ्या, तिने प्रश्नच बदलला. खून करायचा की नाही, हा प्रश्न होता. आता प्रश्न उरला, तू पुरुष आहेस की नाही. त्या प्रश्नाला नाही म्हणायची सोय कुठल्या सरदाराला असते? तो एवढंच विचारतो, फसलो तर? म्हणजे नको हे गेलंच, आता फक्त कसं. आणि कसं, हे तिच्याकडे तयार असतं: पहारेकऱ्यांना दारू पाजायची.

हे सगळं तिचंच. यातून तिला कोणी सोडवू नये, मीही सोडवत नाही.

आता ती विद्यार्थिनी. बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होती, खेड्यातून एस. टी. ने यायची, इंग्रजी बोलायला लाजायची. मी तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश शिकवत होते. मॅकबेथ आता राजा आहे आणि दोन भणंग माणसांना बँकोला मारायला तयार करतोय. त्यांना तो म्हणतो, यादीत तुमचं नाव माणूस म्हणून आहे खरं, पण कुत्र्यांच्या यादीत सगळेच कुत्रे असतात, शिकारीचा वेगळा, दारातला वेगळा. तुम्ही कसले पुरुष, सांगा. तर ही मुलगी उभी राहिली आणि मराठीतच म्हणाली, "मॅडम, हे तर ती त्याला जे बोलली होती तेच हा यांना बोलतोय. मग ती इथे कुठे आहे?"

ती तिथे नाही. तिला माहीतही नाही. त्यानंतरच्याच प्रवेशात ती एका नोकराला सांगते, महाराजांना म्हणावं, वेळ असेल तर दोन शब्द बोलायचेत. स्वतःच्या नवऱ्याला भेटायला निरोप! पहिल्या अंकात ज्याने पत्रात तिला वैभवातली भागीदार म्हटलं होतं, तो आता विचारल्यावर म्हणतो, तुला कळून काय करायचंय, झालं की मग शाबासकी दे. बँकोचा खून त्याने एकट्याने ठरवला. मॅकडफच्या बायकापोरांचाही. तिचं शस्त्र त्याने घेतलं आणि तिला घरी बसवलं.

मी त्या दिवशी तास संपल्यावर स्टाफरूममध्ये बसून नाटक पहिल्यापासून काढलं. पेन्सिल घेऊन. आणि जे चाळीस वेळा वाचलं होतं ते पहिल्यांदा दिसलं. चेटकिणी राजा म्हणतात तेव्हा मॅकबेथ दचकतो. बँको विचारतो सुद्धा, इतकी चांगली बातमी ऐकून तू घाबरल्यासारखा का झालास? बँको घाबरत नाही, कारण बँकोच्या मनात काही नव्हतं. आणि पुढच्या काही मिनिटांत मॅकबेथ स्वतःशी बोलताना खुनाचं चित्र बघतो, त्याचे केस उभे राहतात. चेटकिणींनी खुनाचं नाव काढलेलं नाही. बायको अजून रंगमंचावर आलेलीच नाही! पुढे राजा आपल्या मुलाला वारस जाहीर करतो तेव्हा मॅकबेथ ताऱ्यांना म्हणतो, विझा, माझ्या मनातलं काळं तुम्हाला दिसायला नको. तरीही बायको यायचीच आहे. ती येते पाचव्या प्रवेशात. बी तिने पेरलं नाही. उगवलेल्याला पाणी घातलं.

आणखी एक. ती क्रूर आहे, हे आपण कशावरून म्हणतो? तिच्या त्या प्रार्थनेवरून, जिच्यात ती भुताखेतांना बोलावते, माझं बाईपण काढून घ्या, दुधाचं पित्त करा, रक्त दाट करा म्हणजे कणव वर येणार नाही. पण असं मागणं कोण मागतं? ज्याच्याकडे नाही तो. जी मुळात दगड आहे तिने दगड करा म्हणून कशाला विनवावं? आणि ती विनवणी पुरी झाली का, याचं उत्तर शेक्सपिअरने खुनाच्या रात्रीच दिलंय. ती दारू प्यायलेली आहे, धीर यावा म्हणून. घुबडाच्या आवाजाने दचकते. सुऱ्या तिने स्वतः तयार ठेवल्या होत्या, राजा झोपेत होता, ती त्याच्याजवळ गेली होती. आणि म्हणते, झोपेत तो माझ्या बापासारखा दिसला नसता तर मीच केलं असतं. पोर आपटायच्या गोष्टी करणाऱ्या बाईला एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यात बाप दिसला आणि हात उठला नाही. हे वाक्य मी वर्गात वाचून दाखवायची आणि पुढे जायची. त्याच्यावर प्रश्न कधी आला नव्हता ना.

सारा सिडन्सने या भूमिकेवर एक टिपण लिहून ठेवलंय. स्वतः उंच, भारदस्त बाई, पण तिच्या मते लेडी मॅकबेथ गोरी, नाजूक, जवळजवळ मोडेल अशी असावी. मला ते आता पटतं.

खरा फरक मला दिसतो तो असा. नवऱ्याला उद्या दिसतो. हा खून इथे संपणार नाही, तो उलटून आपल्याच अंगावर येणार, हे त्याला आधीच माहीत आहे, तो ते बोलून दाखवतो, आणि तरी करतो. तिला फक्त आजची रात्र दिसते. ही एक रात्र पार पडली की पुढच्या सगळ्या रात्री आपल्या, असा तिचा साधा हिशेब. रक्ताने भरलेले हात बघून तो म्हणतो समुद्रही पुरणार नाही, ती म्हणते थोडं पाणी घे. ती त्याला समजावते आहे असं नाही, तिला खरंच तसं वाटतंय. तिचा गुन्हा मोठा आहे, पण त्यात एक प्रकारचं अडाणीपण आहे. त्याच्या गुन्ह्यात ते नाही.

मेजवानीचा प्रवेश आठवा. मॅकबेथला खुर्चीवर बँकोचं भूत दिसतं, तो ओरडतो, आणि ही पाहुण्यांना सांभाळते: बसा, यांना लहानपणापासून असं होतं, जेवा तुम्ही. आपल्याकडे समारंभात नवरा पिऊन काही बरळला की घरातली बाई जशी हसत हसत वाढायला लागते, तशी. मध्येच नवऱ्याच्या कानाशी जाऊन तोच जुना मंत्र म्हणते, तू पुरुष आहेस का? आता तो चालत नाही. सगळे गेल्यावर दोघंच उरतात. तो म्हणतो, रक्तात इतका पुढे आलोय की परत जाणंही तितकंच कठीण. ती एकच म्हणते, तुला झोप हवी आहे. ओरडणं नाही, दोष देणं नाही. यानंतर हे दोघं रंगमंचावर एकत्र दिसत नाहीत. संपूर्ण चौथ्या अंकात ती नाहीच. आणि पुढे दिसते ती थेट मेणबत्ती घेऊन.

त्या प्रवेशात, ज्यात डॉक्टरसाहेबांनी माझी नाडी धरली, तिच्या तोंडी पद्य नाही. इतका वेळ काव्यात बोलणारी राणी तुटक गद्यात बोलते. दाट काळोख मागणाऱ्या बाईच्या उशाशी आता रात्रभर दिवा लागतो, तिचाच तसा हुकूम आहे. आणि ती बोलते काय? म्हाताऱ्याच्या अंगात इतकं रक्त असेल असं वाटलं नव्हतं. आणि मग, मॅकडफची एक बायको होती, ती आता कुठे आहे? हा खून तिने केलेला नाही, करवलेला नाही, तिला विचारलेलाही नाही. तरी ती तो आपल्याच हातांवर धुते आहे.

ती मरते पडद्याआड. बायकांचा आक्रोश ऐकू येतो, एक माणूस येऊन सांगतो राणी गेली, बस. ती राक्षशीण होती आणि स्वतःच्या हाताने मेली, हे आपल्याला कळतं ते नवा राजा सांगतो म्हणून, म्हणजे जिंकलेल्या पक्षाकडून. आणि आपण चारशे वर्षं तेवढाच शिक्का उचलला.

आपल्याकडे हे नवं नाही. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पेशवाई मिळाली रघुनाथरावांना. दोषी ठरवलं रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना. आणि मराठी भाषेत वाक्प्रचार कोणाच्या नावाने राहिला? आनंदीबाईंच्या. 'ध'चा 'मा' केला म्हणे. एका अक्षराची गोष्ट सगळ्या शाळकरी पोरांना पाठ, न्यायाधीशाचा निकाल आठवायला मात्र पुस्तक उघडावं लागतं. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' केलं आणि दुर्गाबाई खोट्यांनी त्यातली राणी केली, तेव्हा बघणाऱ्यांना ही बाई परकी वाटली नसणार.

आता मी जे सांगणार आहे ते हलकंफुलकं नाही, आणि ते माझ्या घरातलं आहे. ज्यांच्याबद्दल सांगते त्यांना विचारून सांगते आहे.

तुमच्यापैकी बरेच जण आमच्या घरी आलेले आहात. देवळामागचं घर, अंगणात पारिजातक. परीक्षा झाली की आपण तिथे पत्ते खेळायचो. बाबा १९९१ साली गेले. दोन वर्षांनी दादाने ते घर विकलं. आम्हा दोघी बहिणींना काही मिळालं नाही, कारण आमच्या सह्या असलेलं हक्कसोडपत्र होतं. दादा म्हणाला होता, वारस लावायचेत, सह्या करा. आम्ही केल्या. नाटकातला स्वल्पविरामसुद्धा वाचणारी मी, पण तो स्टँप पेपर वाचला नव्हता. घर गेल्याचं कळल्यावर आई बहिणीकडे राहायला गेली, आणि नात्यात एकच बोललं गेलं: वहिनीने कान भरले. दादा तसा नाही. दादा भोळा आहे. लग्नाआधी किती चांगला होता.

आणि मी, इंग्रजीची प्राध्यापक, मी वहिनीला नाव ठेवलं. लेडी मॅकबेथ. सगळे हसले. नाव बसलं. लग्नकार्यात ती दिसली की आम्ही एकमेकींना डोळ्यांनी खुणा करायचो, लेडी आली बरं का. दादाशी मी दोन वर्षांनी बोलायला लागले. भाऊबीजेला तो यायचा. वहिनीशी मी सोळा वर्षं बोलले नाही.

त्या मुलीने वर्गात प्रश्न विचारला तो २००८ साली. पुढच्या वर्षी दादा गेला. दिवस झाल्यावर मी जुनी पत्रं काढून बसले होते, त्याचं अक्षर बघावं म्हणून. त्यात १९८४ चं एक आंतरदेशीय पत्र निघालं. मी वाचलेलं होतं, उत्तरही पाठवलं होतं, विसरले होते. त्यात दादाने लिहिलं होतं, बाबांनी घर विकून पैसे धंद्यात घालायला दिले तर किती बरं, त्यांना तू समजावून बघ, नाहीतर मलाच पुढेमागे काहीतरी करावं लागेल. दादाचं लग्न १९८६ मधलं. वहिनी अजून रंगमंचावर आलेल्या नव्हत्या.

पत्र पंचवीस वर्षं माझ्याच कपाटात होतं.

मी वहिनीकडे गेले. त्यांनी दार उघडलं, बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा भांडतील. मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं आणि घडी घालून परत दिलं. म्हणाल्या, "घर विका असं मीही म्हणत होते. खोटं कशाला सांगू? भाड्याच्या दोन खोल्यांत दोन पोरं होती माझी. रोज म्हणत होते." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण तुम्ही दोघींनी राजीखुशीने सोडलंत, असंच मला सांगितलं होतं यांनी. मी म्हटलं सुद्धा, ताईंना साडी-चोळी करू. तर नको म्हणाले, त्यांना आवडणार नाही."

चहा झाला. निघताना मी चपला घालत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही मला काय म्हणता ते ठाऊक होतं मला. इंग्रजी म्हणून मुलीला विचारलं होतं अर्थ. ती कॉलेजात होती. तिने सगळं नाटक सांगितलं मला एका दुपारी."

मला काही सुचेना. त्याच म्हणाल्या, "त्या बाईचं नाव काय होतं हो? मुलगी म्हणाली, नाटकात नावच नाही."

मुलीचं बरोबर होतं. नाटक पहिल्यांदा छापलं गेलं १६२३ मध्ये, त्यात तिचा पहिला प्रवेश आहे तो 'मॅकबेथची बायको' म्हणून, पुढे नुसतं 'लेडी'. मी वहिनींना दारातच सांगितलं की खऱ्या इतिहासात मॅकबेथ होता, १०४० पासून सतरा वर्षं त्याने राज्य केलं. डंकन तेव्हा म्हातारा नव्हता आणि तो अंथरुणात नाही, लढाईत मेला. बायकोने झोपलेल्या राजाला मारायला लावल्याची गोष्ट ज्या बखरीत आहे, तिथे ती दुसऱ्याच राजाच्या खुनाची आणि दुसऱ्याच कोणाच्या बायकोची आहे, शेक्सपिअरने ती उचलून इथे लावली. मॅकबेथच्या खऱ्या बायकोचं नाव होतं ग्रुऑख. तिचं हे दुसरं लग्न, पहिल्या नवऱ्यापासून एक मुलगा होता, तो मॅकबेथनंतर काही महिने राजाही झाला.

वहिनींनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं. जमलं नाही. म्हणाल्या, "अवघड आहे. पण आहे तरी."

त्या आज आल्या आहेत. मागे, पंख्याखाली बसल्या आहेत, माझ्या बहिणीशेजारी. चहाच्या वेळी भेटा.